अजिंक्यपद राखण्याची कसोटी

विजय मिळविणें कठीण खरें. परंतु मिळविलेला विजय राखणें त्याहूनही कठीण होय. वर्गांत पहिला येणारा विद्यार्थी हें अनुभवानें जाणतोच. पण ज्या खेळांत कित्येक नियमच विजेत्याचा मार्ग बिकट करण्यासाठीं योजिलेले आहेत, त्यांत अजिंक्य संघास नवा हंगाम कसा जातो, हें पाहण्याजोगें आहे. असा खेळ म्हणजे अमेरिकेंतील धंदेवाईक फुटबॉल.

आपल्याकडील फुटबॉलहून हा खेळ निराळा. यांतील चेंडू लांबट असून तो हातीं धरून पळावयाचा किंवा फेकावयाचा असतो. प्रत्येक बाजूस ११ गडी असतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकतां आलें तर चेंडू आपल्याकडे राहतो. नाहीं तर तो प्रतिपक्षाकडे जातो. या खेळाची राष्ट्रीय लीग १९२० सालीं स्थापन झाली. तींत आज ३२ संघ आहेत व तिच्या अखेरच्या सामन्यास ‘सुपर बोल’ म्हणतात.

कॅन्सस सिटीच्या ‘चीफ्स’ संघानें हा सामना फेब्रुवारी २०२३ व फेब्रुवारी २०२४ असा लागोपाठ दोन वेळां जिंकिला. ग्रीन बे या लहानशा शहराच्या संघानें १९६५, १९६६ व १९६७ या तीन हंगामांत लीगचें अजिंक्यपद राखिलें होतें; परंतु सुपर बोल सुरू झाला १९६७ च्या जानेवारींत, आणि तेव्हांपासून तो सलग तीन वेळां कोणीही जिंकिला नव्हता. यास्तव २०२४ चा हंगाम जवळ आला तेव्हां सर्वांचे डोळे या संघाकडे लागले.

त्यांच्यापुढें तीन अडचणी होत्या. पहिली नव्या खेळाडूंच्या निवडीची. महाविद्यालयांतून बाहेर पडणारे खेळाडू निवडण्याचा मान सर्वांत दुबळ्या संघास प्रथम व विजेत्यास सर्वांच्या शेवटीं मिळतो. ही कल्पना १९३५ सालीं बर्ट बेल यांनीं मांडिली व पुढील वर्षीं ती अमलांत आली. दुसरी अडचण पैशाची. १९९४ पासून प्रत्येक संघाच्या वेतनखर्चास मर्यादा आहे. २०२४ सालीं ती २५ कोटी ५४ लक्ष डॉलर होती. विजयी संघांतील खेळाडूंचें मोल वाढतें, पण थैली तेवढीच राहते. लजेरियस स्नीड या नामांकित बचावपटूस त्याच वर्षीं टेनेसीच्या संघाकडे जाऊं द्यावें लागलें. तिसरी अडचण सामन्यांची. १७ सामन्यांपैकीं तीन सामने, मागील वर्षीं इतर गटांत आपल्याच क्रमांकावर राहिलेल्या संघांशीं खेळावे लागतात. म्हणजे पहिल्याची गांठ पहिल्याशींच पडते.

कोणी विचारील, “परिश्रमानें जिंकणाऱ्यास ही शिक्षा कां?” शंका रास्त आहे. पण नीट विचार केला तर दिसेल कीं, हे नियम दुबळ्याच्या पदरांत एकही गुण टाकीत नाहींत, किंवा विजेत्याचा एकही गुण हिरावून घेत नाहींत. मैदानावर दहा यार्ड सर्वांना सारखेच. नियम साधनांची समता करितात, फळाची करीत नाहींत. श्रीमंत संघानें सर्व उत्तम खेळाडू विकत घेतले असते, तर सामन्याचा निकाल आधींच ठरला असता. आणि ज्याचा निकाल ठरलेला, त्या विजयांत पराक्रम तो कोणता?

प्रशिक्षक अँडी रीड व सूत्रधार खेळाडू पॅट्रिक महोम्स यांनीं तक्रार करीत न बसतां हंगाम आरंभिला. ५ सप्टेंबर २०२४ रोजीं बाल्टिमोरविरुद्धचा पहिलाच सामना त्यांनीं २७-२० असा जिंकिला, पण तोही निसटता. शेवटच्या क्षणीं प्रतिपक्षाच्या गड्यानें चेंडू झेलला खरा. परंतु त्याच्या बुटाचें टोंक सीमारेषेवर पडलें व तो झेल व्यर्थ गेला. अशा चुरशींतून १७ पैकीं १५ सामने जिंकून हा संघ पुन्हां सुपर बोलपर्यंत पोंचला. परंतु ९ फेब्रुवारी २०२५ रोजीं न्यू ऑर्लिन्स येथें फिलाडेल्फियाच्या ‘ईगल्स’ संघानें त्यांस ४०-२२ असें हरविलें. मध्यंतरास तर कॅन्ससच्या नांवावर एकही गुण नव्हता.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. निवडीचा नियम सुचविणारे बर्ट बेल हे याच फिलाडेल्फिया संघाचे मालक होते, आणि त्या काळीं त्यांचा संघ अगदीं दुबळा होता. तोच संघ २०२५ सालीं विजेता ठरला, आणि त्या वर्षींच्या निवडींत शेवटचा क्रमांक त्याच नियमानें त्याच्या वांट्यास आला. दुबळेपणीं जो नियम हितकर वाटला, तोच विजयाच्या दिवशीं स्वतःस लागू झाला असतां मुकाट्यानें मान्य करणें, यालाच खरी खिलाडू वृत्ति म्हणावयाची. विद्यार्थिमित्रांनो, आपल्या वर्गांत व क्रीडांगणावर पहिला क्रमांक मिळेल तेव्हां हें विसरूं नये, कीं नवें वर्ष सर्वांच्या बरोबरीनें शून्यापासूनच सुरू होतें.