कामाची संगत

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील कमी पावसाचे तालुके. घोड आणि भीमा या नद्यांच्या आसऱ्याने तेथे आज उसाचे मळे डोलताना दिसतात. परंतु त्या भूमीचे जुने अन्न म्हणजे ज्वारी-बाजरीची भाकरी. बाजरीचे पीठ फार दिवस ठेवले तर कडवट होते. म्हणून दळण वरचेवर करावे लागे. पिठाच्या गिरण्या गावोगाव येण्यापूर्वी हे काम घरोघरच्या जात्यावर होई, आणि ते पहाटे अंधारातच सुरू होई.

जाते काही मुकाट्याने फिरत नाही. दगडावर दगड फिरू लागला की त्याची घरघर साऱ्या घरात घुमते. समोरासमोर बसलेल्या दोघीजणी एकच खुंटा धरून तो जड दगड फिरवीत. डोळ्यांवरची झोप उतरलेली नसे, हात भरून येत, आणि काम तर सारखे तेच ते. अशा वेळी मन भरकटायला कितीसा उशीर? पण मन भरकटून चालत नसे. दाणे जास्त वैरले तर पीठ भरड होई; वैरायला उशीर झाला तर दगडावर दगड घासून पिठात कचकच येई.

या बायकांनी मन जागेवर ठेवण्याचा एक सुंदर उपाय शोधला होता. तो म्हणजे ओवी. एकीने ओवी उचलावी, दुसरीने ती झेलावी. ओवीत माहेर असे, भाऊ असे, पंढरीचा विठ्ठल असे. दुष्काळ आणि मनातले दुःखही असे. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ या अभ्यासकांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्याखेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. केवढे हे धन!

ओवीने जात्याच्या आवाजाशी भांडण मांडले नाही. तिने त्याच घरघरीला आपला सूर मानले आणि जात्याच्या फेऱ्याला आपला ताल. शिवाय गाणारणीचा एक कान सदैव जात्याकडे असे. दाणे संपत आले की दगडाचा आवाज बदले, आणि ओवी न थांबवता तिचा हात सुपाकडे जाई. चांगल्या संगतीची हीच खूण आहे. ती मन रमवते, पण कामाचा आवाज झाकत नाही.

शेतावरही हीच रीत होती. बैल मोट ओढीत धावेवरून उतरत, तेव्हा मोटकरी त्यांच्या चालीवर गाणे म्हणे. सुगीत कापणी करणारे भलरी गात.

परदेशांतही याचा अनुभव आला. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधील कारखान्यांत माणसे यंत्रांच्या खडखडाटात तासन्‌तास एकच काम करीत. त्यांच्यासाठी बी.बी.सी.ने २३ जून १९४० पासून रोज दोनदा, अर्धा अर्धा तास, संगीत ऐकवण्यास आरंभ केला. मात्र ज्या गाण्याला टाळ्यांचा ठेका धरावासा वाटे, असे एक लोकप्रिय गाणे त्या कार्यक्रमातून वगळले होते. टाळ्यांसाठी हात मोकळे झाले, तर काम कोणी करावे?

मुलांनो, आज गाणे कानात घालून फिरता येते. म्हणून विवेक अधिक हवा. कपड्यांच्या घड्या घालणे, शेंगा सोलणे अशा हातांच्या कामात ओळखीचे, संथ गाणे सोबत करील. पण धडा वाचताना गाण्याचे शब्द आणि पुस्तकाचे शब्द एकमेकांच्या वाटेत येतात. स्वतःच पाहा: एक पान गाणे ऐकत वाचा, दुसरे शांतपणे वाचा, आणि प्रत्येकातले काय आठवते ते लिहून काढा.

मनमाडकडून येणारा लोहमार्ग दौंडला मुंबई-सोलापूर मार्गास मिळतो. अशा जंक्शनजवळ कान गाण्याने बुजवून रूळांकाठी चालणे म्हणजे जिवाशी खेळ होय. शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या कारखान्यांत यंत्राशी काम करणाऱ्यालाही बिघाडाची पहिली वर्दी पुष्कळदा यंत्राच्या बदललेल्या आवाजातूनच मिळते. तेथला गोंगाट बुडावा म्हणून गाणे अधिक मोठ्याने लावले, तर कानांना दुहेरी इजा होते.

जात्यावरच्या त्या माउलीने शाळा पाहिली नव्हती. पण गाणे केव्हा उचलावे आणि कान कोठे ठेवावा, हे तिला नेमके ठाऊक होते.

शब्दार्थ
वैरणे – जात्यात मूठमूठ दाणे टाकणे
भरड – जाडसर दळलेले
मोट – विहिरीतून पाणी काढण्याचे चामड्याचे मोठे साधन
धाव – मोट ओढताना बैल ज्यावरून चालतात तो उतार
भलरी – शेतकामात सर्वांनी मिळून म्हणायचे गाणे

स्वाध्याय
१. दळण वरचेवर का करावे लागे?
२. ‘ओवीने जात्याच्या आवाजाशी भांडण मांडले नाही’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. कोणत्या कामांत गाणे साथ देते व कोणत्या कामांत अडथळा आणते? कारणे द्या.
४. घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या स्त्रीकडून एक ओवी ऐका व वहीत उतरून घ्या.