पाच-पाच टक्क्यांचा गुणाकार

‘धंदा वाढवायचा’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? दुसरी ब्रँच, मोठं मशीन आणि बँकेचं लोन! आपल्यापैकी कित्येकांच्या घरी छोटं दुकान, वर्कशॉप किंवा हॉटेल आहे. तिथेही हीच चर्चा चालते. पण धंदा चालो वा न चालो, लोनचा हप्ता चुकत नाही. म्हणून त्याआधी एक साधं गणित करून पाहू या.

पॉवर प्लँटमध्ये बॉयलर, टर्बाइन आणि जनरेटर यांच्या एफिशियन्सीची बेरीज होत नाही, गुणाकार होतो, हे आपण शिकलोच आहोत. धंद्याचंही तसंच आहे.

समजा, हॉस्टेलच्या गेटजवळ पोहे-चहाचं एक हॉटेल आहे. रोजची गिऱ्हाइकं २००. प्रत्येकाचं सरासरी बिल ३० रुपये. कच्च्या मालाचा खर्च जाऊन त्यातले ४० टक्के, म्हणजे १२ रुपये उरतात. महिन्याचे २५ दिवस धरले तर २०० × १२ × २५ = ६०,००० रुपये. भाडं, पगार, लाइट बिल यांत ४०,००० जातात. मालकाच्या हातात राहिले २०,०००.

आता प्रत्येक ठिकाणी फक्त ५ टक्के सुधारणा करू.

१) गिऱ्हाइकं २१० : पहिल्या लेक्चरच्या आधी हॉटेल पंधरा मिनिटं लवकर उघडलं.
२) बिल साडेएकतीस रुपये : पोहे घेणाऱ्याला ‘सोबत ताक देऊ का?’ एवढंच विचारलं.
३) उरणारे पैसे ४० ऐवजी ४२ टक्के : शेंगदाणे होलसेलने आणले, रोज किती पोहे उरतात ते लिहून तेवढेच कमी भिजवले.

नवीन हिशेब केला तर ६०,००० चे जवळजवळ ६९,४५० होतात. भाडं आणि पगार मात्र तेवढेच! म्हणजे मालकाच्या हातात २०,००० ऐवजी सुमारे २९,४५० रुपये. प्रॉफिट जवळजवळ दीडपट, आणि लोन शून्य!

पण हे गणित उलटंही चालतं. तिन्ही ठिकाणी ५ टक्के घसरण झाली तर हातात उरतात जेमतेम ११,४४० रुपये. हॉटेल बंद पडतं ते नेहमी एका मोठ्या फटक्यानेच असं नाही. चहा थोडा गार, टेबल थोडं चिकट, सुटे पैसे नाहीत... असं करत करतही ते बंद पडतं, आणि मालकाला कारण सापडत नाही.

मग सुरुवात कुठून करायची?

पहिली गोष्ट म्हणजे मोजणं. वरचे चार आकडे वहीत लिहिलेले नसतील तर सुधारणा झाली की नाही हे कळणार कसं?

दुसरी गोष्ट म्हणजे अडलेली जागा शोधणं. सकाळी गॅसची एकच शेगडी असेल आणि रांग लागत असेल, तर जाहिरात करून उपयोग काय? रांग आणखी लांब होईल, एवढंच! एलियाहू गोल्डरॅट यांनी १९८४ सालच्या ‘द गोल’ या कादंबरीत फॅक्टरीच्या गोष्टीतून हेच सांगितलं आहे.

तिसरी गोष्ट, एक आकडा वाढवताना दुसरा पडत नाही ना, हे पाहणं. पोह्यांची प्लेट लहान केली की मार्जिन वाढतं खरं, पण हॉस्टेलची मुलं दोन दिवसांत ओळखतात आणि समोरच्या गाड्यावर जातात!

चौथी गोष्ट म्हणजे काम करणाऱ्याला विचारणं. टोयोटा कंपनीने १९५१ साली कामगारांकडून सूचना मागवण्याची पद्धत सुरू केली. सतत छोट्या छोट्या सुधारणा करण्याच्या या विचाराला जपानीत ‘कायझेन’ म्हणतात. आपल्या हॉटेलात कोणता पदार्थ ताटात टाकला जातो हे मालकापेक्षा ताटं उचलणाऱ्या पोऱ्याला जास्त माहीत असतं. त्याला कोणी विचारतं का?

लोन घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. शेगडी खरोखरच कमी पडत असेल तर ती घ्यावीच लागेल. पण गळक्या बादलीखाली मोठा नळ लावून फायदा नाही. आधी भोकं बुजवा, मग नळ!

तेव्हा या सुट्टीत घरी गेलात की दुकानाची वही उघडा आणि हे चार आकडे काढा. इंजिनीअरिंगची फी ज्या गल्ल्यातून येते, त्या गल्ल्याला आपल्या इंजिनीअरिंगचा थोडा तरी उपयोग व्हायला हवा, नाही का?