सिकलसेल आणि सोयरीक

विदर्भात आपल्या समाजात सिकलसेल बराच आढळतो. तांबड्या पेशी विळ्यासारख्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. सांधे असह्य दुखतात, रक्त कमी होते. आम्ही मात्र वर्षानुवर्षे वात समजून तेल चोळत बसलो! हा आजार संसर्गाने होत नाही, आईवडिलांकडून येतो. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता २५ टक्के. वाहक सहसा ठणठणीत असतो, म्हणून तो ओळखू येत नाही. एकच वाहक असून दुसऱ्याच्या रक्तात असा कोणताही दोष नसेल, तर मुलांना आजार होत नाही. मग मुलीचा अहवाल लपवायचा कशाला? पत्रिका पाहणे आम्ही सोडले, पण रक्ताचा अहवाल मागताना जीभ अडखळते. सॉल्युबिलिटी चाचणीत दोष दिसल्यास वाहक की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिसने ठरते. दोन्ही घरांनी ही तपासणी साखरपुड्यापूर्वी करावी.