मंगळावरील डोळा आणि कान

नदीच्या पैलतीरावर परीट कपडे आपटीत असतो, तेव्हां त्याचा हात खालीं आलेला आपणांस आधीं दिसतो व आपटल्याचा आवाज मागाहून येतो. प्रकाश व ध्वनि यांच्या वेगांतील भेद समजण्यास याहून सोपें उदाहरण नाहीं. मंगळाच्या बाबतींतही डोळा आधीं पोंचला व कान मागाहून. मात्र मधलें अंतर क्षणाचें नव्हे, पंचेचाळीस वर्षांचें होतें. ती हकीकत विद्यार्थिमित्रांस सांगण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

अमेरिकेचें व्हायकिंग-१ हें यान २० जुलै १९७६ रोजीं मंगळावर उतरलें आणि लागलींच त्याच्या कॅमेऱ्यानें यानाच्याच पायाचें व त्यालगतच्या दगडांचें चित्र घेण्यास आरंभ केला. पुढें आलेल्या रंगीत चित्रांत आकाश प्रथम निळसर दाखविलें गेलें. यानावर मुद्दाम बसविलेल्या रंगपट्ट्यांशीं ताडून पाहतां तें फिकट तांबूस ठरलें. डोळ्यालाही शिकवावें लागतें, तें असें.

कानाची गोष्ट अधिक कठीण. मंगळावर हवा आहे खरी. पण तिचा दाब आपल्या हवेच्या शतांशाहूनही कमी, आणि तींत बहुतेक सारा कार्बन डायऑक्साइड. तेथें ऐकूं तें काय येणार? तरीही प्रसिद्ध ज्योतिर्विद कार्ल सेगन यांनीं १९९६ सालीं नासा संस्थेस हा प्रयत्न करण्याविषयीं आग्रह केला. त्याच वर्षीं ते वारले. पुढें एक चिमुकला मायक्रोफोन मार्स पोलर लँडर या यानावर बसविण्यांत आला. परंतु ३ डिसेंबर १९९९ रोजीं तें यान उतरतांना नाहींसें झालें व त्याबरोबर कानही गेला.

दुसरी संधि फिनिक्स यानाची. उतरतांना खालच्या भूमीचीं चित्रें घेण्यासाठीं त्यावर एक कॅमेरा होता आणि त्याच्याच पोटांत मायक्रोफोन होता. परीक्षेंत असें आढळलें कीं, अखेरच्या आणीबाणीच्या क्षणीं या कॅमेऱ्याचीं चित्रें येऊं लागलीं, तर यानाची गति व कल सांगणाऱ्या उपकरणाची थोडी माहिती गहाळ होण्याचा संभव आहे. संभव अल्पच, पण ती माहिती चुकली तर यान आपटावयाचें. अखेर उतरतांना कॅमेरा बंद ठेवण्याचें ठरलें, अर्थात् कानही बंद. ज्यांनीं तो वर्षानुवर्षें सिद्ध केला, त्यांस काय वाटलें असेल! तरी निर्णय योग्यच होता, असें आम्हांस वाटतें. २५ मे २००८ रोजीं फिनिक्स उत्तर ध्रुवाकडील मैदानांत सुखरूप उतरलें, आणि गंमत अशी कीं, छत्रीला लोंबकळणाऱ्या त्या यानाचें चित्र मंगळाभोंवतीं फिरणाऱ्या दुसऱ्या यानानें टिपलें!

फिनिक्सच्या इतर डोळ्यांनीं मात्र कामगिरी बजाविली. यांत्रिक हातानें खणलेल्या चरांत पांढरे खडे दिसले. मीठ कीं बर्फ? चार दिवसांनीं त्याच जागेचें पुनः चित्र घेतलें, तों कांहीं खडे नाहींसे झालेले! मीठ असें उडून जात नाहीं. तें बर्फच होतें. २ नोव्हेंबर २००८ नंतर यान मुकें झालें. त्याच्या कानांनीं ऐकलेला एकही ध्वनि पृथ्वीवर आला नाहीं.

१८ फेब्रुवारी २०२१ रोजीं पर्सिव्हिरन्स गाडी जेझेरो विवरांत उतरली, ती दोन मायक्रोफोन घेऊन. उतरतांना ऐकावयाचा मायक्रोफोन ऐन वेळीं याही खेपेस चालला नाहीं! कॅमेऱ्यांनीं मात्र छत्री उघडण्यापासून धूळ उडेपर्यंत सारें टिपलें. भूमीवर स्थिर झाल्यावर दोन्ही कान उघडले आणि वाऱ्याची झुळूक ऐकूं आली. ३० एप्रिल रोजीं ८० मीटरांवर उडणाऱ्या इंजेन्युइटी हेलिकॉप्टराची गुणगुणही आली.

गाडीचा लेसर किरण खडकावर पडला कीं ‘टक्’ असा आवाज होतो. तो किती वेळानें पोंचला यावरून तेथील ध्वनीचा वेग काढला, तो सेकंदास सुमारें २४० मीटर, आपल्याकडे ३४०. शिवाय तेथें उंच स्वर खालच्या स्वरांहून सुमारें १० मीटर अधिक वेगानें धांवतो, असें आढळलें. आमच्या चर्चची घंटा तेथें वाजविली, तर तिचा बारीक टणत्कार आधीं निघेल खरा, पण कार्बन डायऑक्साइड वायु त्यास वाटेंतच गिळून टाकील.

२७ सप्टेंबर २०२१ रोजीं एक वावटळ गाडीच्या अंगावरून गेली, तेव्हां कान नेमका उघडा होता. आधीं वाऱ्याचा जोर, मग मध्यभागींची शांतता, पुनः जोर, आणि त्यांत गाडीवर आदळणाऱ्या धूलिकणांची टिकटिक. कॅमेऱ्याला दिसली ती धूसर पुसट आकृति; कण मोजले ते कानानें.