मास्टर्स हॉकी खेळायला निघालात?

खडकीचे एक गृहस्थ लंगडत दवाखान्यात आले. वय 52, एकेकाळचे लेफ्ट हाफ. परदेशातल्या मास्टर्स स्पर्धेसाठी त्यांनी सराव सुरू केला होता. तिसऱ्याच रविवारी चेंडूमागे झेपावताना पोटरीवर कुणीतरी स्टिक हाणली असं त्यांना वाटलं. रागानं वळून पाहिलं तर मागे कुणीच नव्हतं. पोटरीचा स्नायू आतल्या बाजूनं फाटला होता. टाचेमागची जाड कंडरा तुटली तरी अगदी असंच वाटतं. म्हणून असं झालं तर बर्फ लावून घरी बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

मास्टर्स हॉकी पस्तिशीपासून सुरू होते आणि पुढे दर पाच वर्षांचा एक गट असतो. सत्तरी ओलांडलेलेही विश्वचषक खेळतात. 2024 चे विश्वचषक केप टाउन आणि ऑकलंडला झाले. 2025 च्या जूनमध्ये हॉकी इंडियानं चेन्नईत पहिला मास्टर्स कप भरवला. खेळायला जाणाऱ्यांची संख्या वाढते आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. काळजी वाटते ती तयारीच्या घाईची.

दम चार-सहा आठवड्यांत परत येतो. कंडरा मात्र सावकाश मजबूत होते, तिला तीन महिने तरी लागतात. दम आला म्हणून माणूस जोरात धावतो आणि पोटरी दगा देते. म्हणून स्पर्धेच्या किमान बारा आठवडे आधी सुरुवात करा. जिन्याच्या पायरीवर चवडे टेकवून टाचा सावकाश वर उचला, त्याहून सावकाश खाली सोडा. पंधरा वेळा, असे तीन फेरे, एक दिवसाआड. जमू लागलं की एका पायावर करा. मांडीच्या मागच्या स्नायूचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. पूर्ण वेगानं धावणं शेवटच्या महिन्यात, तेही हळूहळू वाढवत. हॉकीत सतत वाकून खेळावं लागतं, तेव्हा कमरेला विसरू नका.

आता हृदय. पस्तिशीनंतर खेळताना अचानक मृत्यू येतो तो बहुतेक वेळा हृदयाच्या रक्तवाहिन्यांतल्या अडथळ्यामुळे. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजी तपासून घ्या. स्ट्रेस टेस्ट आणि इकोची गरज तुमचे डॉक्टर ठरवतील. पण स्ट्रेस टेस्ट चांगली आली म्हणजे हमी मिळाली असं समजू नका. धावताना छातीत जडपणा, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, नेहमीपेक्षा लवकर धाप लागणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, यातलं काहीही झालं की मैदान सोडायचं. 'ॲसिडिटी असेल' म्हणून पुढचा क्वार्टर खेळायचा नाही. ताप असतानाही खेळू नका. विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते.

औषधांबाबत बरेच जण गाफील असतात. रक्तदाबाच्या कित्येक जोडगोळ्यांत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असतं. लघवी वाढवणारी ही औषधं डोपिंगच्या बंदी यादीत आहेत. स्पर्धेला ते नियम लागू असतील तर आधीच डॉक्टरांशी बोला, गोळी मनानं बंद करू नका. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना दुखण्याची गोळी घेऊन रोज खेळणं मूत्रपिंडांना महागात पडतं. रक्त गोठू नये म्हणून वॉरफरिनसारखी गोळी घेणाऱ्यांना मी सामना खेळू नका असंच सांगतो. हॉकीचा चेंडू साधारण 160 ग्रॅमचा आणि कडक असतो. तो डोक्याला लागला तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. मधुमेहींनी इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवावं, खिशात साखर असावी.

लांबच्या विमानप्रवासात दर तासाला उठून चार पावलं चाला. पोहोचल्यावर पहिला सामना दोन दिवसांनी असेल असं बघा.

आणि मैदानावर गेल्या गेल्या एईडी कुठे ठेवलं आहे ते विचारा. विस्कळीत झालेले ठोके विजेचा झटका देऊन पूर्ववत करणारं हे यंत्र आहे. हृदय बंद पडल्यावर झटका मिळायला होणाऱ्या दर मिनिटाच्या उशिरानं जगण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते. संघातल्या निदान तिघांनी निघण्यापूर्वी सीपीआर शिकून घ्या. त्यासाठी एक दुपार पुरते.