प्रश्नाचा अर्थ आणि उत्तराची किंमत

एचआयव्ही व इतर लैंगिक संक्रमणे कशा प्रकारच्या संबंधांतून पसरतात, हे कळल्यावाचून त्यांच्या प्रतिबंधाची योजना आखता येत नाही. ही माहिती बहुतांशी लोकांना प्रश्न विचारूनच मिळवावी लागते. परंतु विचारणाऱ्याच्या मनातील अर्थ आणि उत्तर देणाऱ्याने घेतलेला अर्थ एकच असतो काय?

अमेरिकेतील एका विद्यापीठात १९९१ साली ५९९ विद्यार्थ्यांना, कोणकोणत्या कृतींना ते 'लैंगिक संबंध' म्हणतील, असे विचारण्यात आले. मुखमैथुनाची गणना त्यात होत नाही, असे ५९ टक्के विद्यार्थ्यांचे मत असल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. परमा व उपदंश हे रोग या मार्गानेही पसरू शकतात. म्हणजे 'लैंगिक संबंध आला आहे काय?' या प्रश्नास एखाद्याने प्रामाणिकपणे 'नाही' म्हटले, तरी रोगाचा धोका नोंदीतून निसटतो. येथे कोणी खोटे बोललेले नसते. दोष प्रश्नाचा असतो.

हा दोष आधीच शोधून काढण्यासाठी प्रश्नाची आकलन-चाचणी घेतात. उत्तर देताना मन चार पायऱ्या चढते: प्रश्न समजणे, घटना आठवणे, आठवणीवरून निर्णय करणे आणि उत्तर सांगणे. यांपैकी पाऊल कोठे अडते, हे पाहावयाचे असते. त्यासाठी मोजक्या व्यक्तींना प्रश्न विचारून लगेच पुढे विचारतात: "'जोडीदार' म्हणजे आपण कोणाकोणाला धरले?" "'गेले वर्ष' म्हणजे जानेवारीपासूनचे, की आजपासून मागचे बारा महिने?" नुसते "समजले काय?" असे विचारून भागत नाही, न समजताही मान डोलावणारे पुष्कळ असतात.

अडथळा ओळखल्यावर उपाय ठरतो. शब्द अपरिचित असेल तर तो बदलून कृतीचे सरळ वर्णन करतात. अर्थ कळूनही संकोच आड येत असेल, तर शब्द बदलणे पुरेसे नसते. उत्तर एकांतात स्वतः नोंदविण्याची सोय करावी लागते. सुधारलेला प्रश्न पुन्हा तपासला जातो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या लैंगिक आरोग्यविषयक प्रश्नावलीच्या मसुद्याची अशीच चाचणी १९ देशांत झाली. कारण भाषांतर अचूक असले, तरी समाज बदलला की शब्दाची व्याप्ती बदलते. मोठ्या पाहणीत हजारो उत्तरे गोळा होतात. पण चुकीच्या अर्थाने दिलेले उत्तर हजारदा मोजले, म्हणून ते खरे ठरत नाही.