मोर्चातली ढोलकी

नांदेड

चि. बाळ यास,


पत्र मिळालं. तू पक्षाच्या कलापथकात ढोलकी वाजवतोस, गातोस. तुझं मन जिच्यावर बसलंय ती पोरगी मार्केट यार्डातल्या अडत्याची. येत्या मोर्चात हमालीच्या दरावरून तिच्याच बापाचं नाव घालून रचलेलं कवन तू म्हणावंस असं ठरलंय, आणि वर 'पक्ष की पोरगी, एकदाचं सांग' असा तगादा. लेकरा, हा प्रश्नच मला खोटा वाटतो.

ज्यांची नावं घेऊन पथकातले तुला दटावतात, त्यांच्याकडंच बघ. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी 1944 साली लाल बावटा कलापथक उभं केलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णा भाऊंची मैनेची छक्कड घरोघरी गेली, ती आहे विरहाची. बायको गावाकडं, नवरा पोटासाठी मुंबईत. त्या ताटातुटीतूनच त्यांनी बेळगाव-कारवारचा तुटलेला मुलूख लोकांपुढं उभा केला. त्यातली मैना काढून टाक, मग उरतो सभेतला ठराव. त्याला ढोलकी कशाला लागते?

मखदूमचंही तसंच. आपलं नांदेड आणि तुमचं लातूर निजामाच्या राज्यात होतं तेव्हा हा शायर हैदराबादेत सिटी कॉलेजातली नोकरी सोडून पक्षाच्या कामाला लागला, पुढं तेलंगणाच्या सशस्त्र लढ्यात उतरला. 'गमन' चित्रपटातली छाया गांगुलींची जी गझल तू माझ्याकडून बसवून घेतलीस, ती त्याचीच. तिच्यात पक्षाचं नाव नाही, आणि तो मात्र शेवटपर्यंत पक्षातच होता.  

रशियातली गोष्ट वेगळी. शोस्ताकोविचनं एका व्यापाऱ्याच्या बायकोच्या प्रेमावर ऑपेरा केला. 1936 साली स्टालिन तो बघून आला आणि लगेच 'प्रावदा'नं त्याला झोडपून काढलं. तिथं पक्ष म्हणजेच सरकार होतं, माणूस भिणारच. तुझा पक्ष म्हणजे गंजगोलाईजवळच्या खोलीत चहा पिणारी मोजकी माणसं. नाही म्हणालास तर फार तर आठवडाभर अबोला धरतील.

तेव्हा मोर्चाला जा. दरावर गा, तोलाईवर गा, पोती वाहून वाकलेल्या पाठींवर गा. फक्त तिच्या बापाचं नाव गाऊ नकोस. भांडण दराचं आहे, त्याचं एकट्याचं नाही. पण उद्या सासरा होईल म्हणून दराची ओळ मऊ केलीस, तर ते मला चालणार नाही. हमाल तुझ्या भरवशावर उन्हात उभे असतील. आणि हे सगळं मोर्चाच्या आधी तिला तू स्वतः सांग, पथकातल्यांनाही सांग. दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर दोन्हीकडून जाशील.

आता जे तू लिहिलंच नाहीस त्याबद्दल. अमर शेख तुमच्या शेजारच्या बार्शीचे. त्यांची लेक मलिका नामदेव ढसाळांशी लग्न करून चळवळीच्या घरात गेली. त्या संसारावर तिनं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' लिहिलं. ते वाच. सभेत टाळ्या घेणाऱ्या माणसाच्या घरी बाईच्या वाट्याला काय येतं, ते तिनं कुणाची भीड न धरता सांगितलंय. तुझ्या पत्रात स्वतःच्या निष्ठेवर पानंच्या पानं आहेत. तुझ्या पोरीच्या मनात काय आहे यावर एक ओळ नाही. बापाचं घर सोडायची तिची तयारी आहे का? की दोन्ही घरं तिला हवीत? तिला नोकरी करायचीय का? तू पथकाबरोबर गावोगाव हिंडणार, तेव्हा खोलीचं भाडं कोण भरणार? विचारलंस तिला?

विचार, आणि ती काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहून पाठव. दादाशी मी बोलेन, पण ते पत्र हातात पडल्यावर.

तुझी,
आत्या